रोड फायटर, टेट्रिस आणि सोलापुरातली लाईट

जुन्या गेमांचा विषय निघाला की सोलापुरातली चाळिशीची मंडळी दोन नावं हमखास घेतात. गाड्यांच्या गेममध्ये रोड फायटर आणि डोकं चालवायच्या गेममध्ये टेट्रिस. माझंही मत तेच आहे. त्यात लहानपणाची ओढ आहेच, पण हे गेम आपल्यापर्यंत कसे आले ते पाहिलं की पसंतीमागचं खरं कारणही कळतं.

निन्टेन्डोचं फॅमिकॉम, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, १९८३ साली जपानमध्ये आलं. आपल्याकडे नव्वदच्या दशकात आल्या त्या त्याच्या स्वस्त नकला. समुराई, लिटल मास्टर अशा नावांचे डबे टीव्हीला जोडायचे आणि वर कॅसेट खोचायची. एका कॅसेटमध्ये ढीगभर गेम असायचे, आणि त्यातच कोनामीचा १९८४ चा रोड फायटर होता.

या गेमची गंमत वेगात नाही, पेट्रोलमध्ये आहे. आपली लाल गाडी ताशी ४०० किलोमीटरच्या वेगाने पळते, पण टाकी सतत उतरत असते. रस्त्यात एखादी रंगीबेरंगी गाडी येते, तिला गाठलं तरच पेट्रोल वाढतं. तिच्यासाठी लेन बदलावी तर ट्रक आडवा, नाही बदलावी तर पुढच्या टप्प्याआधीच टाकी कोरडी. कठड्याला धडकलात की पेट्रोलही जातं आणि वेळही. म्हणून मी याला शर्यतीच्या वेषातलं कोडंच मानतो. निन्टेन्डोच्या एक्साइटबाइकमध्येही (१९८४) तीच युक्ती आहे. टर्बो दाबून धरला की इंजिन तापतं, फार तापलं की बाइक बाजूला थांबते, आणि रस्त्यावरच्या बाणांवरून गेलं की थंड होते. कुठे दाबायचं आणि कुठे सोडायचं, हाच सगळा खेळ.

एक्साइटबाइकमध्ये स्वतःचा ट्रॅकही बनवता यायचा. जपानमध्ये तो टेपवर साठवायचं वेगळं यंत्र मिळे. आपल्याकडच्या नकलांसोबत ते नव्हतंच. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारभर उड्या रचून ट्रॅक तयार करावा आणि लाईट जावी, की सगळं पुसलं जायचं. पुढे २००५ च्या सुमारास भारनियमन तासन्‌तास चालायचं. चार मिनिटांत मांडता येईल आणि चार मिनिटांत मोडला तरी चालेल असा गेमच मग जवळचा वाटतो.

वरून पडणारे आकार फिरवून ओळी भरायच्या, की भरलेली ओळ नाहीशी होते, हा टेट्रिस. त्याला तर लाईटही लागत नव्हती. अलेक्सेई पाझित्नोव्हने तो १९८४ मध्ये मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात लिहिला. १९८९ मध्ये निन्टेन्डोच्या गेम बॉय या हातात धरायच्या यंत्राबरोबर तो जगभर गेला. आमच्याकडे मात्र तो आला पेन्सिल सेलवर चालणाऱ्या ब्रिक गेम नावाच्या हातातल्या खेळण्यातून. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरच्या खेळण्यांच्या दुकानांत तो टांगलेला असे, वर मोठ्या अक्षरांत ९९९९ गेम. प्रत्यक्षात गेम मोजकेच, बाकी वेग आणि पातळ्या बदलून वाढवलेला आकडा. पडदा म्हणजे १० बाय २० काळे चौकोन, आणि त्याच चौकोनांतून गाड्यांची शर्यतही चाले. शर्यत आणि कोडं इतकं जवळ मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. चार चौकोनांचे सात आकार, एवढ्या भांडवलावर टेट्रिस चाळीस वर्षं टिकला, कारण त्यात वजा करण्यासारखं काहीच नाही.

लोड रनर (१९८३) याच पंक्तीत बसतो. खड्डा खणून शिपाई अडकवायचा, पण खड्डा बुजायच्या आत वरून पार व्हायचं. तो खेळणारे कमी भेटतात याचं मला वाईट वाटतं.

रोड रॅश १९९१ मध्ये सेगाच्या यंत्रावर आला, पण आम्हाला भेटला तो कॉम्प्युटरवर, सायबर कॅफेत. तो आवडायचा लाथा आणि साखळीसाठी. शर्यत म्हणून तो मला आजही रोड फायटरच्या खालीच वाटतो. लाथा काढून टाकल्या तर उरतो नुसता लांबलचक रस्ता, आणि रोड फायटरमध्ये मात्र शेवटच्या थेंबापर्यंत हिशेब सुटत नाही.