स्क्रू दुखत नाही, मग दुखतं काय?

इम्प्लांट म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. त्याला नस नाही, रक्तवाहिनी नाही, आणि कीडही लागत नाही. तरी माणूस गालावर हात ठेवून म्हणतो, "इम्प्लांट ठणकतोय हो." ठणकत असतं ते त्याच्या शेजारपाजारचं काहीतरी: हाड, हिरडी, जवळून जाणारी नस, नाहीतर बाजूचा दात. शेजारी कोण, हे ओळखायला सगळ्यात कामाची खूण म्हणजे दुखणं कधी सुरू झालं.

आपला मूळचा दात हाडाला चिकटलेला नसतो. हाड आणि मूळ यांच्यामध्ये साधारण पाव मिलिमीटरहूनही कमी जाडीचा तंतूंचा एक पडदा असतो, त्यात दात झोळीत ठेवल्यासारखा टांगलेला असतो. या तंतूंत मज्जातंतूंची टोकं असतात. घासात बारीकसा खडा आला तरी जबडा जागच्या जागी थबकतो, ती त्यांचीच करामत. इम्प्लांटला ही झोळी नाही. हाड थेट धातूला भिडतं.

ते असं भिडतं, हे कळलं तेही अपघातानेच. 1952च्या सुमारास स्वीडनमधले संशोधक पेर-इंगवार ब्रोनमार्क सशांच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहण्यासाठी टायटॅनियमची छोटी उपकरणं बसवत होते. प्रयोग संपल्यावर ती परत काढायला गेले तर निघेनात. हाडाने धातूला घट्ट धरलं होतं. 1965 साली योस्टा लार्सन या माणसाच्या खालच्या जबड्यात त्यांनी असे स्क्रू बसवले आणि 2006 मध्ये लार्सन वारले तेव्हाही ते काम देत होते.

आता दुखण्याकडे. पहिले दोन-तीन दिवस दुखणं आणि सूज वाढते, मग उतरते. हिरडी कापली, हाडाला भोक पाडलं, टाके घातले, तर शरीर ओरडणारच. हे दुरुस्तीचं दुखणं. बघायची ती त्याची दिशा. रोज थोडं कमी होत असेल तर बरं चाललंय. पाच-सहा दिवसांनी कमी झालेलं दुखणं पुन्हा डोकं वर काढत असेल, तोंडाला घाण चव येत असेल, ताप असेल, तर जंतुसंसर्गाची शंका घ्यायची आणि डॉक्टरांना फोन करायचा. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून ते दाबून टाकणं हा सगळ्यात वाईट उपाय, कारण दुखण्याची दिशाच मग दिसेनाशी होते.

भोक पाडताना हाड तापतं, ही गोष्ट मात्र फार कमी जणांना ठाऊक असते. हाडाचं तापमान 47 अंश सेल्सिअसवर मिनिटभर राहिलं तरी तिथल्या पेशींना इजा होऊ शकते. ताज्या चहाच्या कपाहूनही हे बरंच कमी तापमान आहे! म्हणूनच ड्रिल चालू असताना त्यावर सतत सलाइनची धार सोडलेली असते आणि तोंड पाण्याने भरून येतं. ती धार त्रासदायक वाटते खरी, पण हाडाला वाचवते तीच.

नसेचं दुखणं वेगळं ओळखू येतं. खालच्या जबड्याच्या हाडातून एक बोगदा जातो आणि त्यातली नस पुढे हनुवटी आणि खालच्या ओठाला संवेदना पुरवते. स्क्रू त्या बोगद्याच्या फार जवळ गेला तर नसेवर दाब येतो. मग ठणका नसतो. मुंग्या येतात, विजेसारखी सणक जाते किंवा ओठ बधिर राहतो. भूल उतरायला हवी त्या वेळेनंतरही ओठ बधिर असेल तर "उद्या बघू" म्हणायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. नसेवरचा दाब जितका लवकर निघेल तितकी ती सावरण्याची शक्यता जास्त.

वरच्या जबड्यात मागच्या दातांच्या डोक्यावर सायनसची पोकळी असते. तिथे गडबड झाली तर गाल जड वाटतो आणि खाली वाकलं की दुखणं वाढतं.

हाड धातूला धरायला साधारण तीन ते सहा महिने घेतं. त्यानंतर कॅप, म्हणजे स्क्रूवरचा कृत्रिम दात, बसवतात आणि दुखण्याचा दुसरा हंगाम सुरू होतो. कॅप जराशी उंच राहिली तर दर घासाला सगळा भार तिथेच येतो. मूळच्या दाताची झोळी थोडी दबते आणि धक्का झेलते. स्क्रू जवळजवळ हलतच नाही. कधी आतला जोड सैल होतो, कॅप डुगडुगते आणि हिरडी चिमटीत सापडते. हे दोन्ही दोष बहुतेक वेळा खुर्चीत बसल्या बसल्या दुरुस्त होतात.

कॅप बसवण्याआधी स्क्रूवर वरचा भाग आवळताना तीव्र कळ आली तर मात्र डॉक्टर सावध होतात. हाडाने धरलेला स्क्रू आवळताना सहसा दुखत नाही. कळ आली, तर त्याच्याभोवती हाडाऐवजी मऊ ऊती तयार झाली असण्याचा संशय येतो.

एवढं असूनही, इम्प्लांट गमावण्याच्या वाटेवरचे कित्येक रुग्ण डॉक्टरांकडे वेळेत जातच नाहीत, कारण त्यांना काही दुखतच नसतं. स्क्रूभोवतीची हिरडी सुजते, जंतू खाली उतरतात, हाड हळूहळू झिजतं, आणि यातलं बरंचसं मुकाट्याने होतं. धूम्रपान करणाऱ्यांना आणि साखर ताब्यात नसलेल्यांना हा धोका जास्त. ब्रश फिरवताना त्याच एका जागी पुन्हा पुन्हा रक्त दिसलं, की ठणक्याची वाट न पाहता दाखवून घ्यायचं.