बाळाची कावीळ: निळा लाईट आणि प्रोबायोटिकचे थेंब

तिसऱ्या दिवशी बाळ पिवळं दिसू लागतं, डॉक्टर म्हणतात, "लाईटखाली ठेवू." तेवढ्यात घरातलं कोणीतरी विचारतं, "त्यापेक्षा प्रोबायोटिकचे, म्हणजे आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचे, थेंब दिले तर?" बाळ आईच्या कुशीतून हलू नये, ही माया त्यामागे असते. पण दोन्ही उपाय बिलिरुबिनवरच असले तरी एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

बिलिरुबिन म्हणजे तांबड्या पेशी फुटल्यावर तयार होणारं पिवळं द्रव्य. नवजात बाळाचं यकृत त्याचा पुरेसा निचरा करू शकत नाही. साधारण 460 ते 490 नॅनोमीटरचा निळा प्रकाश कातडीतच या रेणूची ठेवण बदलतो, मग यकृताची प्रक्रिया न होताही तो पित्तातून आणि लघवीतून बाहेर पडतो. काही तासांत रक्तातली पातळी उतरू लागते. हे सुचलं 1956 साली, इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात. सिस्टर जीन वॉर्ड बाळांना उन्हात नेत. एका बाळाचं उघडं अंग निवळलं होतं, चादरीखाली झाकलेला भाग मात्र पिवळाच होता. तरीही घरच्या कोवळ्या उन्हावर विसंबू नये, कारण त्याची मात्रा मोजता येत नाही.

प्रोबायोटिकची जागा आतड्यात. तिथे पोचलेलं बरंचसं बिलिरुबिन बाळाच्या रक्तात परत शोषलं जातं, कारण त्याचं रूप बदलणारे जिवाणू अजून तिथे वसलेले नसतात. चांगले जिवाणू दिले, शी मोकळी झाली, तर हे परतणं कमी व्हावं, असा विचार आहे. विचार मला पटतो, पण पुरावा तोकडा आहे: 2017 च्या एका आढाव्याने नेहमीच्या वापराला पाठबळ दिलं नाही. शिवाय थेंबांत जिवंत जिवाणू असतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये त्यांच्यापासून गंभीर संसर्ग होऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2023 मध्ये दिला. म्हणून आपल्या मनाने थेंब देऊ नयेत.

शी मोकळी करण्याचं काम आईचं दूधही करतं: दिवसातून आठ ते बारा वेळा पाजावं, लाईट चालू असतानाही मधूनमधून बाळाला काढून घ्यावं. पहिल्या चोवीस तासांतच पिवळेपणा आला, बाळ सुस्त पडलं, दूध ओढेना, शी पांढुरकी झाली, तर थेट दवाखाना गाठा. तिथे बिलिरुबिनचा आकडा विचारा, आणि बाळ किती तासांचं आहे तेही सांगा, कारण लाईट लावायचा की नाही हे त्या दोन्हींवरून ठरतं.