खांब कुजला, खड्डा राहिला

गुप्तधनासाठी रात्री टेकाड खणताना पकडले, सोबत मांत्रिक पण होता, अशी बातमी अधूनमधून येतेच. ती वाचली की मला फार वाईट वाटतं. सोनं त्या पांढरीच्या टेकाडात, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या ढिगात, बहुतेक नसतंच, पण जे खरं धन असतं ते जेसीबीच्या एका फेऱ्यात संपतं.

ते धन म्हणजे काय, हे मला पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांच्या कामामुळे कळलं. जन्म 1930 चा, पुणे जिल्ह्यातल्या पाटसचा. अजिंठा, नाणी, मूर्ती सगळ्यात रस, पण मातीत रमलेला माणूस. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे, तिथे 1968 ते 1983 या काळात डेक्कन कॉलेजने 12 सीझन उत्खनन केलं, सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी अशी टीम. इ.स.पू. 1600 ते 700 या काळातल्या शेतकऱ्यांचं गाव, 130 च्या वर घरं सापडली.

आता घरं सापडली म्हणजे भिंती उभ्या होत्या असं नाही हां. घर कुडाचं, लाकूड तर कधीच कुजून गेलेलं. मग घर ओळखायचं कशावरून? तर खांबाच्या खड्ड्यांवरून!

बघा, खांब रोवताना आपण खड्डा घेतो, खांब उभा करतो, बाजूने माती ठोकून भरतो. पुढे खांब कुजतो किंवा कोणी उपटून नेतो आणि त्या पोकळीत वरची राख, शेण, भुसभुशीत माती उतरते. आजूबाजूची जमीन चोपून टणक केलेली, आतली माती सैल आणि वेगळ्या रंगाची. हा फरक तीन हजार वर्षं टिकतो! उत्खननात जमीन आडवी, अगदी पातळ थराने खरवडत जातात, गरज पडली तर पाणी शिंपडतात, कारण सैल माती ओल वेगळी धरते, मग तो गोल डाग उठून दिसतो. तो रिकामा केला की खोली कळते, खांब तिरपा होता का तेही कळतं. उंदराचं बीळ पण असंच गोल दिसतं, पण ते वळत वळत आडवं जातं, ठोकलेली बाजू नसते. मग सगळे खड्डे मोजून नकाशावर टाकायचे, आणि ठिपके जोडले की घराचा आकार दिसतो.

आणि यातूनच मोठी गोष्ट निघाली. आधीच्या जोर्वे काळात, म्हणजे साधारण इ.स.पू. 1400 ते 1000 मध्ये, घरं चौकोनी, ऐसपैस. इ.स.पू. 1000 नंतर मात्र ठिपक्यांची लहान लहान वर्तुळं, म्हणजे गोल झोपड्या. ढवळीकरांचं म्हणणं असं की पाऊस कमी झाला, शेतीवर भागेना, म्हणून लोक शेळ्यामेंढ्या आणि शिकारीकडे वळले, वर्षातले काही महिने भटकू लागले. यासाठी त्यांनी त्याच भागातल्या फासेपारध्यांच्या गोल झोपड्या बघितल्या आणि खड्ड्यांच्या नकाशाशी ताडून पाहिल्या, मला त्यांच्या कामातलं हेच सगळ्यात आवडतं, जुनं समजायला जिवंत माणसांकडे जाणं.

इ.स.पू. 700 च्या सुमाराला इनामगाव ओस पडलं.