दोन प्रकल्पांमधला रिकामा काळ

कुशल माणसाला एका प्रकल्पावरून दुसऱ्यावर हलवायचे म्हटले की मधल्या रिकाम्या दिवसांचा भार कोणी सोसायचा, हा प्रश्न उभा राहतो. गरजेप्रमाणे माणसे आणि कामे बदलणाऱ्या ‘लवचीक’ कंपन्यांविषयीच्या चर्चेत तो उशिरा येतो, पण खान्देशाला तो फार पूर्वीपासून ठाऊक आहे. येथील जिनिंग-प्रेसिंग, म्हणजे सरकी काढून गाठी बांधण्याचे कारखाने, कापसाच्या हंगामाला बांधलेले. दसरा-दिवाळीनंतर माल येऊ लागला की फिटर आणि मिस्त्री हवे असत, आणि आवक आटली की त्यांची गरजही संपे. उरलेले महिने ज्याने त्याने काढायचे. मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगाराचेही असेच होते: पाळीच्या वेळी फाटकाशी उभे राहायचे, कायम कामगार गैरहजर असेल तरच काम मिळायचे.

वेगळे उत्तर अमेरिकेतील विमान व अवकाश उद्योगातून आले. पोलारिस क्षेपणास्त्रासाठी 1958 मध्ये ‘पर्ट’ ही आखणीची पद्धत तयार झाली आणि कामांचा क्रम कागदावर बसला; माणसांचा प्रश्न मात्र त्याने सुटणारा नव्हता. 1960 च्या दशकात रुजलेल्या मॅट्रिक्स रचनेत अभियंता आपल्या खात्याचाच राहतो आणि प्रकल्पाला जणू उसना दिला जातो. दोन वरिष्ठांची ओढाताण हा तिचा खरा दोष आहे. तरीही प्रकल्प संपल्यावर परतायला खाते असते, ही बाब मला अधिक मोलाची वाटते.

पुढे 1984 मध्ये ब्रिटनमधील जॉन अ‍ॅटकिन्सन यांनी लवचीक कंपनीचे प्रारूप मांडले. त्यात गाभ्यातील कायम कर्मचारी निरनिराळी कामे शिकून घेतात, तर परिघावरील लोकांची संख्या गरजेनुसार वाढते किंवा घटते. म्हणजे रिकामा काळ पुन्हा परिघावर ढकलला गेला. भारतात अशाच परिघावरच्या कंत्राटी कामगारांसाठी 1970 चा कायदा त्याआधीच आलेला होता.

अमळनेरला 1945 मध्ये वनस्पती तुपासाठी स्थापन झालेली कंपनी, म्हणजे आजची विप्रो, 1980 च्या सुमारास संगणकांकडे वळली. तिच्यासारख्या सॉफ्टवेअर कंपन्यांत ‘बेंच’ हा शब्द रुळला: हातात प्रकल्प नसतानाही पगार चालू. हंगाम संपताच घरी बसणाऱ्या जिनिंगच्या फिटरला हे कधीच मिळाले नव्हते. अलीकडे मात्र बेंचवरचे दिवस मोजले जातात, आणि पुढचा प्रकल्प शोधण्याची जबाबदारी अनेक ठिकाणी कर्मचाऱ्यावरच येते.