ऑनलाइन फलक (वर्गातल्या चर्चेसाठी)

ऑनलाइन फलक म्हणजे वर्गाचाच फळा, फक्त इंटरनेटवरचा, तास संपला तरी कुणी डस्टर न फिरवलेला. शिक्षक त्याच्यावर एक प्रश्न टाकतात, पोरं आपापल्या वेळेनं त्याखाली लिहितात, एकमेकांना उत्तरं देतात, आणि एका प्रश्नाची चर्चा एका जागी राहते. कॉलेजात बोर्ड म्हणलं की काचेमागची परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख अन् लेट फी आठवते, हा तसला नाही, इथं लेकरांनीच लिहायचं असतं.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो ह्या कॉम्प्युटरवर शिकवायच्या यंत्रणेत १९७३ मध्येच 'नोट्स' नावाची विषयवार लिहायची सोय आली होती. फेब्रुवारी १९७८ मध्ये शिकागोत वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सूस यांनी फोनच्या लाइनवर चालणारा सार्वजनिक फलक सुरू केला, एका वेळी एकानंच फोन लावायचा, वाचायचं, लिहायचं, ठेवून द्यायचा, मग दुसऱ्याचा नंबर. पुढं २००२ मध्ये मूडल, २०१४ मध्ये गूगल क्लासरूम ह्या इंटरनेटवर वर्ग चालवायच्या सोयी आल्या. आपल्याकडं मात्र बहुतेकांनी हे सगळं मार्च २०२० नंतर, शाळा-कॉलेजं बंद पडल्यावरच उघडून बघितलं.

फायदा एकच पण मोठा, तो म्हणजे वेळ. मेरी बड रो ह्या अमेरिकन संशोधक बाईंनी वर्गांचं रेकॉर्डिंग ऐकून दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीनेक सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात, गप्प बसणारे पण बोलायला लागतात. फलकावर तर दोन-तीन दिवस मिळतात. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या कॉलेजात हे लई कामाचं, कारण वर्गात पुढच्या बाकावरची दोन पोरंच बोलतात, बाकीच्यांना 'काहून' किंवा 'म्या' तोंडातून गेलं तर हसतील ही धास्ती, आणि पोरींना शेवटच्या तासाआधीच एसटी गाठायची घाई. त्याच पोरी रात्री भांडी आवरून दहाला लिहितात, आणि चांगलं लिहितात.

प्रश्न मात्र तसा पाहिजे. 'दुष्काळाची कारणे लिहा' टाकलं की गाइडमधल्या पाच ओळी चाळीस वेळा चिटकवलेल्या दिसतात. त्यापेक्षा आम्ही एकदा विचारलं, एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ती चूक पावसाची का उसाची? पहिल्या दिवशी सगळे पावसाच्या बाजूनं. दुसऱ्या दिवशी एका पोरीनं लिहिलं, 'आमच्या शिवारात ऊस होता तवा गावात टँकर पण होता.' त्याच्याखाली मागच्या बाकावरच्या, वर्षभर हजेरीपुरतंच 'येस सर' म्हणणाऱ्या पोरानं दोन ओळी टाकल्या: 'ऊस बंद केल्यावर आमच्या मायबापानं कोयता घेऊन कुठं जायचं?' मग जी जुंपली ती आठवडाभर चालली. मी मधी पडलो नाही ते बरं झालं, सरांनी मत टाकलं की 'सरांशी सहमत'ची रांग लागते अन् चर्चा तिथंच बसते.

व्हॉट्सअप ग्रुपलाच बरेच जण फलक समजतात. तो फलक नाही, तिथं सकाळचा प्रश्न दुपारपर्यंत गुड मॉर्निंगच्या फुलांखाली आणि वाढदिवसाच्या केकखाली गाडला जातो, अन् कोण कुणाला उत्तर देतंय तेच कळत नाही. दर पोस्टला मार्क ठेवणं पण वाईटच, मार्क लावले की मजकूर वाढतो आणि म्हणणं कमी होतं. शिवीगाळ, जातीवरनं टोमणे हे होऊ शकतं, म्हणून नावासकट लिहायचं हा नियम पहिल्याच दिवशी सांगितलेला बरा.

खरी अडचण मोबाइलची. घरात फोन एक, तो बापाच्या खिशात, वरनं रिचार्ज संपलेला, वस्तीवर रेंज पाहिजे तर पाण्याच्या टाकीवर चढा. बीड, जालना, परभणीकडची बरीच कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात ती उन्हाळा लागताना परततात, त्यांच्यातलं पोरगं थळावरून, म्हणजे ऊसतोडीच्या मुक्कामावरून, लिहू शकलं तर वर्गाशी धागा टिकतो, पण सगळ्यांना ते जमत नाही. आम्ही शेवटी असं केलं की फोन नसलेल्यांनी वहीच्या पानावर लिहायचं, वर्गातल्या कुणीतरी त्याच्या नावानं टाइप करायचं, आणि सोमवारच्या पहिल्या तासाला फलकावरचं सगळं मोठ्यानं वाचायचं. वाचायला उसाच्या ओळी लिहिणारं ते पोरगंच उठलं, स्वतःच्या ओळी मात्र गाळून पुढं गेलं, मग पोरींच्या बाकावरनं आवाज आला, 'ते पण वाच की.'