सोयुझ उक्राइनोक अमेरिकी : प्रवासी युक्रेनी महिलांचे समाजकार्य

सोयुझ उक्राइनोक अमेरिकी म्हणजे अमेरिकेतील युक्रेनी महिलांचा संघ. स्थापना न्यूयॉर्क, १९२५. इंग्रजीत तो युक्रेनियन नॅशनल विमेन्स लीग ऑफ अमेरिका या नावाने ओळखला जातो. संघाच्या शाखेला ‘विद्दिल’ म्हणतात आणि सदस्य स्त्रीला ‘सोयुझ्यांका’. आपल्याकडच्या महिला मंडळाशी त्याचे साम्य पुष्कळ आहे, पण एक फरक मोठा आहे. या बायकांना आपल्या लोकांसाठी काम करता करता आपले लोक कोण आहेत हेही शेजाऱ्यांना सांगावे लागले.

याचे कारण इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून युक्रेनी शेतकरी पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणींत आणि पूर्व किनाऱ्यावरच्या शहरांत येऊ लागले, तेव्हा युक्रेन नावाचे राज्य नव्हते. येणाऱ्यांची नोंद कधी ऑस्ट्रियन म्हणून होई, कधी रशियन, कधी रुथेनियन (युक्रेनी लोकांचे जुने नाव). रशियन साम्राज्यात तर १८७६ च्या फर्मानाने युक्रेनी भाषेत पुस्तके छापायलाच मनाई केली होती. ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या गॅलिशियात, म्हणजे आजच्या पश्चिम युक्रेनच्या भागात, थोडी मोकळीक होती. तिथे १८८४ मध्ये नातालिया कोब्रिन्स्का यांनी स्तानिस्लाविव्ह येथे (आजचे इव्हानो-फ्रांकिव्ह्स्क) स्त्रियांची पहिली संघटना उभी केली. पुढे दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ल्विव्हमध्ये सोयुझ उक्राइनोक नावाचीच मोठी संघटना मिलेना रुद्नित्स्का यांच्या नेतृत्वाखाली वाढली. १९३९ मध्ये सोव्हिएत सैन्य आले आणि ती बंद पडली. मायदेशात मोडलेले हे काम अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या बायकांनी चालू ठेवले. कॅनडात त्यांचा स्वतंत्र संघ १९२६ मध्ये सास्काटून येथे स्थापन झाला होता.

संघाची खरी कसोटी लागली १९३३ साली. सोव्हिएत युक्रेनमध्ये सरकारने धान्य काढून नेल्यामुळे लाखो माणसे उपासमारीने मरत होती. हाच तो होलोदोमोर. मॉस्को दुष्काळ नाकारत होते. संघाच्या स्त्रियांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांना पत्र लिहून मदतीची विनंती केली, दुष्काळाची माहिती छापून वाटली. सरकारी मदत पदरात पडली नाही. उलट त्याच नोव्हेंबरात अमेरिकेने सोव्हिएत संघाला मान्यता दिली. यश आले नाही म्हणून हा प्रयत्न विसरण्याजोगा ठरत नाही. पुढे कित्येक दशके ज्या मृत्यूंचा उल्लेखही सोव्हिएत युक्रेनमध्ये करता येत नव्हता, त्यांची आठवण परदेशातल्या अशाच संस्थांनी जपली.

त्याच वर्षी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात युक्रेनी दालन होते. त्यासाठी संघाने पश्चिम युक्रेनमधून भरतकाम केलेले सदरे, विणलेली वस्त्रे, लोककलेच्या वस्तू मिळवल्या. प्रदर्शन संपल्यावर वस्तू विकून टाकणे सोपे होते. बायकांनी त्या सांभाळल्या. चार दशकांनंतर, १९७६ मध्ये, संघानेच न्यूयॉर्कमध्ये युक्रेनी संग्रहालय उघडले, तेव्हा त्याचा गाभा या वस्तूंचा होता. २००५ पासून ते ईस्ट व्हिलेजमधल्या सहाव्या रस्त्यावर स्वतःच्या इमारतीत आहे. महिला संघाने स्थापलेले आणि वाढवलेले असे शहरी संग्रहालय विरळाच.

तरी बाहेरच्या माणसाची या समाजाशी पहिली ओळख बहुधा संग्रहालयात होत नाही, ती होते चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात. निधी उभा करायचा तर ‘वारेनिकी’ करून विकायच्या, ही जुनी रीत. मैद्याची पारी लाटून वाटीने किंवा पेल्याने गोल कापायची, आत उकडलेल्या बटाट्याचे नाहीतर ताज्या चीजचे सारण भरायचे आणि अर्धगोल दुमडायचे. आकार करंजीचा, पण मुरड नाही. कडा चिमटीत घट्ट दाबायच्या. कडेला पिठाऐवजी सारण लागले की उकळत्या पाण्यात वारेनिक उघडते, म्हणून नवख्या मुलीला आधी कड दाबायलाच शिकवतात. वर तरंगून आल्या की काढायच्या आणि लोण्यात परतलेला कांदा घालायचा. शंभर-दोनशे करायच्या म्हणजे लांब टेबलाभोवती बायका बसणारच, आणि बसल्या की कोणाच्या घरी आजारपण आहे, कोण नवे आले आहे, कोणाला काम हवे आहे, हे सगळे तिथे कळते. संघाचे मदतकार्य सभांमधून जितके चालले तितकेच या टेबलावरूनही चालले, असे म्हणायला हरकत नाही.

वसंतात ईस्टरच्या आधी पिसांका शिकवण्याचे वर्ग भरतात आणि त्यांना युक्रेनी नसलेली माणसेही आवर्जून येतात. पिसांका म्हणजे मेणाने नक्षी काढलेले अंडे. पद्धत बाटिकसारखी. छोट्या कुप्पीच्या टोकाची लेखणी मेणबत्तीवर तापवून तिच्यात मधमाश्यांचे मेण घ्यायचे. जे पांढरे राहायला हवे तिथे मेणाची रेघ ओढायची, मग अंडे पिवळ्या रंगात बुडवायचे. जे पिवळे राहायला हवे ते मेणाने झाकून केशरी, मग लाल, शेवटी काळा. अखेरीस काळेकुट्ट, मेणाने बरबटलेले अंडे ज्योतीच्या कडेला धरून फडक्याने पुसले की एकेक रंग उघडा पडतो. ‘पिसाती’ म्हणजे लिहिणे; पिसांका काढत नाहीत, लिहितात. आपल्याकडे वारली बायकाही लग्नाचा चौक ‘लिहितात’, त्यामुळे मराठी वाचकाला हा शब्दप्रयोग परका वाटू नये. युनेस्कोने २०२४ मध्ये पिसांकाची नोंद अमूर्त वारशाच्या यादीत केली.

मुलांसाठी संघाने ‘स्वित्लिच्का’ चालवल्या. शब्दाचा अर्थ उजेडाची छोटी खोली. प्रत्यक्षात ती बालवाडी. गाणी, खेळ, गोष्टी सगळे युक्रेनीत. शाळेत इंग्रजी सुरू होण्याआधी घरची भाषा कानात पक्की बसावी एवढाच हेतू. १९४४ पासून ‘नाशे झित्त्या’, म्हणजे ‘आमचे जीवन’, हे मासिक निघते. त्यात युक्रेनीबरोबर इंग्रजी पाने आली, कारण नातींना आजीची लिपी वाचता येईनाशी झाली. इंग्रजी पानांमुळे भाषा मागे हटली असे म्हणणारे होते, पण त्या पानांशिवाय नाती संघात राहिल्याच नसत्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या निर्वासित छावण्यांतून नवे लोक आले. त्यांच्यामुळे संघ वाढला आणि मदतीचा ओघही वाढला. १९४८ मध्ये फिलाडेल्फियात जगभरच्या युक्रेनी महिला संघटनांचा महासंघ स्थापन झाला; ओलेना किसिलेव्स्का त्याच्या पहिल्या अध्यक्षा. १९६७ पासून संघाने शिष्यवृत्त्या सुरू केल्या. ब्राझीलसारख्या देशांत विखुरलेल्या गरीब युक्रेनी कुटुंबांतली मुले त्यावर शिकली. १९९१ मध्ये युक्रेन स्वतंत्र झाल्यावर शिष्यवृत्त्या तिकडेही पोहोचल्या. ‘दूध आणि पाव’ नावाच्या उपक्रमातून युक्रेनमधल्या शाळकरी मुलांना खाऊ मिळू लागला, एकट्या पडलेल्या वृद्ध आज्यांसाठीही निधी उभा राहिला.

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने सर्वंकष आक्रमण केल्यावर वैद्यकीय साहित्य पुरवणे आणि विस्थापित कुटुंबांना मदत करणे हे काम पुढे आले. तळघरातल्या टेबलावर पुन्हा पीठ लाटले जाऊ लागले. लेकरे घेऊन नुकत्याच आलेल्या आयांसाठी युक्रेनी बोलणारी ही मंडळे जवळची ठरली. ज्या संघाच्या बायकांना शंभर वर्षांपूर्वी आपला देश कोणता हे समजावून सांगावे लागत होते, त्याच्या दारात आता त्या देशाचे पासपोर्ट घेऊन बायका येत होत्या.