सोयाबीनचं पान शेवटी किती दिवस कमावतं?

सप्टेंबर लागला की माळव्यात, इंदूरजवळच्या सांवेर-देपालपूरकडच्या शिवारात सोयाबीनचा रंग बांधाबांधाला बदलतो. एका पट्ट्यात पानं पिवळी होऊन गळायला लागलेली असतात, शेजारचा वाण अजून गर्द हिरवा असतो. दाणा भरण्याचे दिवस हेच. त्यामुळे पान या दिवसांत किती कमावतं, ही उताऱ्याची, म्हणजे एकरी उत्पादनाची गोष्ट आहे.

माळव्याला हे पीक तसं नवीनच. ‘काळी तूर’ नावाचं काळ्या दाण्याचं सोयाबीन मध्य भारतात थोडंफार व्हायचं, पण भारी काळी जमीन पावसाळ्यात पडीक ठेवून रब्बीत गहू-हरभरा घ्यायची रीत होती. 1960 च्या दशकात जबलपूर आणि पंतनगरच्या कृषी विद्यापीठांनी इलिनॉय विद्यापीठाच्या साथीनं ब्रॅगसारखे अमेरिकी वाण लावून पाहिले. 1967 मध्ये सोयाबीन संशोधनाचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला, आणि 1987 मध्ये सोयाबीनचं राष्ट्रीय संशोधन केंद्र इंदूरला झालं.

पानाचा अभ्यास मात्र बाहेर सुरू झाला. वाणावाणांत प्रकाशसंश्लेषणाचा वेग वेगळा असतो, हे 1970 मध्ये अमेरिकेतल्या आयोवातल्या डॉर्नहॉफ आणि शिबल्स या संशोधकांनी दाखवलं. मग वेगवान पानाचा वाण निवडला की उतारा वाढेल, अशी आशा वाटू लागली. ती सरळपणे फळली नाही. भर हंगामातल्या एका पानाचा वेग म्हणजे अख्ख्या पिकाची हंगामभराची कमाई नव्हे.

खरा धक्का 1975 चा. सिंक्लेअर आणि डी विट या शास्त्रज्ञांनी 24 पिकांच्या दाण्यांना लागणाऱ्या नत्राचा हिशेब मांडला. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे 40 टक्के प्रथिनं, म्हणजे नत्राची भूक प्रचंड. आणि शेंगा भरताना, हवेतलं नत्र पकडून देणाऱ्या मुळांवरच्या गाठींचा जोरही ओसरत जातो. मग झाड आपल्याच पानांतलं नत्र काढून दाण्याला देतं. पानातल्या नत्राचा मोठा वाटा रुबिस्को या विकरात अडकलेला असतो, आणि हवेतला कार्बन पकडणारं विकरही तेच. दुकानदारानं तराजूच मोडून विकावा, तसा हा व्यवहार. ‘आत्मनाशाची’ ही कल्पना चांगलीच गाजली, आणि माझ्या मते तिच्यातला नत्राचा भाग आजही टिकून आहे.

पण प्रकरण इतकं सरळ नव्हतं. शेंगा खुडून टाकल्या तर पान वाचायला हवं. 1978 मध्ये मोंडल, ब्रुन आणि ब्रेनर यांनी नेमकं हेच करून पाहिलं. पानं हिरवी राहिली खरी, पण प्रकाशसंश्लेषण मंदावलंच. हिरवं पान म्हणजे कमावतं पान, हा बांधावरून बघणाऱ्याचा अंदाज इथे फसतो. पुढे पान हवेतला कार्बन डायऑक्साइड किती वेगानं घेतं ते मोजणारी, शेतात नेण्याजोगी इन्फ्रारेड वायुमापक यंत्रं आली. वरचं पूर्ण उमललेलं पान चिमट्यात धरलं की मिनिटा-दोन मिनिटांत आकडा मिळू लागला.

दरम्यान माळव्यातली वाणांची निवड वेगळ्याच वाटेनं गेली. 1994 मध्ये आलेल्या जेएस 335 नं, साधारण 95 ते 100 दिवसांत काढणीला येत, वर्षानुवर्षं राज्य केलं. मग जेएस 95-60 सारखे त्याहून दहा-बारा दिवस लवकर येणारे वाण शेतकऱ्याला आवडू लागले, कारण सोयाबीन काढून बटाटा-लसूण वेळेत लावायचा असतो आणि सप्टेंबरातली पावसाची ताणही चुकते. हिशेब चोख आहे. पण वाचवलेल्या दिवसांतले काही दाणा भरण्याच्या काळातून गेले, तर पानाच्या कमाईचे दिवसही तेवढे कमी होतात, आणि ही किंमत फारशी कोणी बोलून दाखवत नाही.

त्यामुळे हंगामाच्या अखेरीला वाणांची तुलना करताना तारीख धरून भागत नाही. 10 सप्टेंबरला लवकर येणारा वाण पिवळा पडायला लागलेला असेल, उशिराच्याचे दाणे अजून कोवळे असतील. त्या दिवशी दोघांची पानं मोजली तर पहिला उगाच नापास होतो. म्हणून मोजणी फेर आणि कॅव्हिनेस यांनी 1977 मध्ये ठरवलेल्या सोयाबीनच्या वाढीच्या अवस्थांप्रमाणे करायची: आर 5 ला दाणा धरतो, आर 6 ला शेंगेची पोकळी हिरव्या दाण्यानं भरते, आर 7 ला पहिली शेंग पक्व रंगावर येते.